अकरा घरांचा पंखा

पाहुणा आला की शेजारच्या चांगल्या कपबशा मागून आणायच्या, ही गल्लीची जुनी खोड. या वेळी पाहुणी सरकारी होती, घरोघरची परिस्थिती लिहून घ्यायला आलेली. म्हणून कपबशांऐवजी इस्त्रीवालीचा पंखा निघाला. बाई पुढच्या दारांनी, पंखा मागच्या दारांनी. अकरा घरांत बाईंनी घाम वाळवला आणि अकरा वेळा लिहिलं, ‘पंखा आहे’. इस्त्रीवालीला तर हसू आवरेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती जावेला म्हणालीसुद्धा.

आठवड्यानं शाळेची चिठ्ठी आली. गल्लीची परिस्थिती बरी दिसते, तेव्हा मुलांची फी-सवलत बंद. इस्त्रीवालीची लेक नववीत होती. इस्त्रीवालीनं चिठ्ठी दोनदा वाचली, पंखा बगलेत मारला आणि धावतच कार्यालय गाठलं.

“बाई, हा ओळखता?”

एक पातं निळं, बाकीची पांढरी. “शिंप्याकडचा ना?” बाई म्हणाल्या. मग थबकल्या. “नाही, गवंड्याकडचा...”

“सगळीकडचा तोच. खोटं वाटत असेल तर आत्ता चला, आणि सगळ्यांना एकदम पंखे लावायला सांगा.”

बाई आल्या आणि गल्लीत मधोमध उभं राहून त्यांनी तसं सांगितलं. दारं उघडली, पण कुठूनच घरघर ऐकू येईना. सगळे इस्त्रीवालीकडे बघत होते.

“आमची अब्रू वेशीवर टांगलीस,” गवंडीण म्हणाली. इस्त्रीवालीला वाटलं, आता या गल्लीत राहायचं कसं?

तेवढ्यात शिंपी पुढे आला. “माझा पंखा विकला. भाडं वाढलं तेव्हा. शुगरची गोळीही दिवसाआड घेतो.”

शिंपी म्हणजे गल्लीतला सुखी माणूस, असं इस्त्रीवाली धरून चालली होती. त्याच्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटून शिवलेल्या असतात हे दर आठवड्याला तिच्या हाताला लागायचं. शिंपी आहे, हौस असेल, एवढंच तिला वाटायचं. विरलेली बाजू आत दडवायला होतं ते, हे आत्ता कळलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग धरणच फुटलं. कुणी संध्याकाळची चूल बंद केली होती, कुणी कामावर तासभर चालत जात होतं. घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलीच तेवढी विझलेली. जो तो दुसऱ्याच्या आधी सांगायला धडपडत होता, कुणी तर सांगता सांगता हसत होतं. बाईंचा हात लिहून लिहून दुखायला लागला.

दहा घरांपुढचा पंखा बाईंनी खोडला. अकराव्यापाशी पेन थांबलं.

“तुमच्याकडे मात्र आहे, इस्त्रीवाली. हा खोडता येणार नाही. तुमच्या मुलीची सवलत...”

स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता तिनं.

गवंडीण तरातरा पुढे आली आणि तिच्या बगलेतला पंखा काढून घेतला. “हिचा एकटीचा कुठला? गल्लीचा आहे तो. तसंच लिहा.”

बाईंनी अकरा दारांवरून नजर फिरवली. एकही मान नाही म्हणून हलली नाही. त्यांनी लिहिलं, ‘घरं अकरा, पंखा एक’.

त्या संध्याकाळी पंखा शिंप्याकडे गेला, पुढच्या दारानं.