कोपरा कापलेली फिल्म

दादाच्या फोटो स्टुडिओतलं ते यंत्र मीच बनवून दिलंय, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. माझं पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तांब्याची तार गुंडाळण्यात हयात गेली. दादाने एका मासिकातलं चित्र आणून दाखवलं. धातूची पाटी, तिच्यावर काच, काचेवर फिल्म आणि फिल्मवर बोट. अंधारात पाटीला हजारो व्होल्टचा झटका दिला की बोटाभोवती ठिणग्यांचं कडं उमटतं. लोक त्याला तेजोवलय म्हणतात, मी घाम म्हणतो. बोट ओलसर असलं की कडं झोकात येतं, कोरडं असलं की मरतुकडं. हे मी दादाला चार वेळा करून दाखवलं. तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? तू मोटारवाला."

इथवर ठीक होतं. लोक हौसेने येत होते, आपापलं वलय पाकिटात घालून नेत होते. मग आई मध्ये पडली.

आई शिवणकाम करते. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. "सोमवारी ऑपरेशन करू. लांबवलंत तर पुढचं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागते, पण ऑपरेशनचं नाव काढलं की कानावर हात. शुक्रवारी तिने जाहीर केलं, "थोरल्याच्या यंत्रात बोट ठेवते. वलय अख्खं आलं तर ऑपरेशन नाही. तुटकं आलं तर तुम्ही म्हणाल तिथे येते."

"आई, ते यंत्र मी बनवलंय. त्याला काही कळत नाही गं."

"तू बनवलंस म्हणूनच विश्वास आहे," ती म्हणाली. आता यावर काय डोंबल बोलणार?

म्हणून मी लबाडी करायची ठरवली. शनिवारी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी, यंत्राचा नियम आहे असं सांगून, स्पिरिटच्या बोळ्याने आईची बोटं खसाखसा पुसली. इतकी कोरडी केली की वलय तुटकंच यायला हवं. दादा प्रत्येक वेळी आधी एक चाचणीची फिल्म काढतो आणि अंधारात हाताला कळावी म्हणून तिचा कोपरा कापून ठेवतो. चाचणीला नेहमी त्याचंच बोट असतं, पण त्या दिवशी त्याचे हात रसायनाने ओले होते, म्हणून मी माझं ठेवलं. मग आईचं. दोनदा चर्र झालं.

धुऊन वाळवलेल्या दोन फिल्म समोर आल्या. एकीवरचं कडं भरगच्च होतं. दुसरीवरचं जागोजागी तुटलेलं, उंदरांनी कुरतडल्यासारखं. मी घाईने म्हणालो, "बघ आई, आता सोमवारी..."

"थांब," दादा म्हणाला. "तुटकं तुझं आहे. कोपरा बघ."

कोपरा कापलेला होता.

"अंधारात तू चुकीची कापली असशील."

"बावीस वर्षं मी अंधारातच काम करतोय. तुझ्या तारा तू सांभाळ."

माझं डोकं चालेना. पुसलेलं बोट असं उजळेलच कसं? आणि माझं का विझलं? माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. तरी मी माझं बोट दिव्याखाली धरून उलटसुलट बघितलं. दादाकडे बघावं तर तोही माझ्याकडे असा बघत होता, जणू मी आजच्या आज वर निघालोय.

आता आई ऑपरेशनला नाही म्हणणार, हे उघड होतं. तिने माझी फिल्म दोनदा उजेडात धरली, खाली ठेवली. मग पिशवीतून सुई काढली आणि माझ्या शर्टाचं लोंबणारं बटण पकडलं. काळजी वाटली की तिला शिवायला काहीतरी लागतंच. दोरा ओवण्याआधी तिने दोन्ही बोटं जिभेला लावली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळीस वर्षांची सवय! कशालाही हात लावायचा तर आधी बोट जिभेला. अंधारात फिल्मवर ठेवतानाही तिने तेच केलं असणार. आणि तिची बोटं पुसता पुसता स्पिरिटने माझीच कोरडी ठणठणीत झाली होती. हे सांगायला मी तोंड उघडलं.

"हलू नकोस, सुई लागेल," ती म्हणाली. बटण शिवून झाल्यावर तिने दोरा दाताने तोडला. तिचे डोळे भरले होते. "सोमवारी जाऊ. माझं काय कापायचं ते कापू दे त्यांना. पण आधी डॉक्टरांना तुझं बोट दाखवायचं."

मी उघडलेलं तोंड मिटलं. खरं बोलून आईला घालवायचं का गप्प बसून तिला घाबरवायचं, ते मला आजही नीट ठरवता येत नाही. तेव्हा मी गप्प बसलो.

सोमवारी नर्स बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा तो लाल दिव्याचा चिमटा घेऊन आली. आईने हात पदराखाली घेतला. "आधी त्याला लावा."

"पेशंट तुम्ही आहात ना, मावशी?"

"आधी त्याला."

मी बोट पुढे केलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी आकडा येईपर्यंत माझाही श्वास अडकला.

"अठ्ठ्याण्णव," नर्स म्हणाली. "छान आहे."

आईने माझ्याकडे बघून मोठा सुस्कारा सोडला. मग स्वतःचं बोट जिभेला लावलं आणि पुढे केलं.