कल्हई केलेला कीबोर्ड

मळणीयंत्राने माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका नेली, त्याला सात वर्षं झाली. कीव करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. भंडाऱ्यातल्या वकील सुलोचनाबाईंना मराठी टायपिंगला माणूस हवं होतं. अट एकच, दहा मिनिटांत तीनशे शब्द. माझी गाडी दोनशेवर अडली. "महिन्याभराने येते, माझा स्वतःचा कीबोर्ड घेऊन," असं मी बोलून बसले. तो कीबोर्ड तेव्हा जगात नव्हता.

भंडाऱ्याजवळच शहापूरला घरी आले, कीबोर्ड बनवायचे व्हिडिओ पाहिले, कागदावर पंजे ठेवून रेघा ओढल्या. अंगठ्यांच्या धरून छत्तीस कळा. त्यात नसलेल्या दोन बोटांच्या सहा कळाही आखल्या. मधलं बोट ताणून गाठेन म्हटलं. मला चारचौघांसारखाच कीबोर्ड हवा होता. कळांखाली बसणारे स्विच, तारा आणि कोणती कळ कोणतं अक्षर देईल ते ठरवणारी चिप ऑनलाइन मागवली. स्विच बसवायची पितळी पट्टी मात्र परसरामकाकांना करायला दिली. त्यांचं आयुष्य तांब्या-पितळेचे हंडे-गुंड ठोकण्यात गेलेलं. चौदा मिलिमीटरची छत्तीस चौकोनी भोकं, असं चारदा बजावलं.

पट्टी आली ती पांढरी लखलखीत. एकही स्विच आत जाईना. काकांनी तिला कल्हई केली होती आणि कथील भोकांच्या कोपऱ्यांत गोठलं होतं.

"काका, ह्याच्यात काय वरण शिजवाचं हाये? कल्हई काहून केली?"

"अवो पोरी, बिगर कल्हईचं पितळ कळकते ना! तशी वस्तू मी आजवर कोणाले देली नाही." मग ओशाळून म्हणाले, "आण, तापवून पुसून देतो."

"अन् पट्टी वाकली तं? कानस द्या मले."

राग गिळून घासत बसले. एका भोकाला अर्धा तास. तीन बोटांनी पट्टी धरायची, उजव्याने कानस चालवायची. तळहाताला फोड आले. आई म्हणाली, सोड तो नाद. मी सोडला नाही. चौथ्या दिवशी तीस भोकं मोकळी झाली आणि डावीकडची सहा उरली. कानस लावली आणि थांबले. कोणासाठी घासतेय मी ही? मधलं बोट ताणूनच तर दोनशेवर अडत होते. खूप रडू आलं, ते येऊ दिलं.

मग ती सहा तशीच कथलाने अडलेली ठेवली. तिथली अक्षरं उजव्या हाताकडे नेली. अंगठ्याची एक कळ दाबून धरली की उजवीकडच्याच कळा ती अक्षरं देतात. तीस स्विच जोडले. दोन तारा उलट लागल्या, त्या उपसून पुन्हा लावल्या. उरलेले दिवस नुसता सराव केला.

सुलोचनाबाईंनी घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी शब्द मोजले.

"तीनशे अठरा. सोमवारपासून ये." मग त्या पट्टीवर वाकल्या. "ह्या सहा जागा काहून रिकाम्या ठेवल्या?"

"तिथं मले बोटं नाही," मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज पहिल्यांदाच चढला नाही.