शून्य झालेल्या बाई

वृंदाबाई एककाच्या घरात शून्य म्हणून उभ्या राहिल्या आणि कोंडमाचीच्या शाळेतली दोन मुलं वीस झाली.

खेळ साधा होता. फरशीवर खडूने दोन चौकोन आखायचे, डावीकडचं दशकाचं घर आणि उजवीकडचं एककाचं. मुलांनी त्यात उभं राहायचं आणि झालेली संख्या मोठ्याने वाचायची. शाळेत मुलंच दोन, यशराज आणि समृद्धी. ती दोघं दशकात गेली. एककात उभं राहायला कोणी उरलं नाही, म्हणून बाई स्वतः गेल्या. "मी शून्य," त्या हसत म्हणाल्या. वर्गात दहा यशराज आणि दहा समृद्धी बसलेली होती, खरीखुरी, नाकं ओढणारी, एकमेकांना चिमटे काढणारी. व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला होता.

बाईंनी एक पाय रेघेबाहेर काढला, तशी अठरा मुलं पुसट झाली. पाय आत घेतला, ती परत आली.

त्याच दुपारी साहेब पट मोजायला आले. वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शाळेला कुलूप, असा हुकूम घेऊनच ते आले होते. त्यांनी मुलं मोजली, चहा घेतला, उद्या मोठ्या साहेबांना घेऊन येतो म्हणाले आणि गेले. एकसारख्या चेहऱ्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. साहेबलोक डोकी मोजतात, चेहरे बघायला त्यांना सवड नसते.

मग गाव गोळा झालं. कालपर्यंत या गावाला शाळेचं सोयरसुतक नव्हतं. ज्याला परवडलं त्याने आपलं पोर खालच्या गावात टाय बांधून पाठवलं होतं. आता शाळा वाचवायला सगळे दारात हजर, आणि पुढे सरपंच रावजी शेलार. उद्या साहेब येऊन जाईपर्यंत बाईंनी इथेच उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी सांगून पाहिलं की आज मुक्ताचा वाढदिवस आहे. मुक्ता म्हणजे त्यांची मुलगी, सात वर्षांची, साताऱ्याला मावशीकडे राहणारी. संध्याकाळी नक्की येते असा शब्द बाईंनी तिला दिला होता.

"बाई, तुमी हललात तर शाळा गेली," रावजी म्हणाले. "आन शाळा गेली की गाव गेलं. तवा आमी तुमाला हलू देनार न्हाई."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. बाईंना त्याचीच भीती वाटली.

दहांतला एक यशराज उभा राहिला आणि शिकवलेलं घडाघडा म्हणून दाखवू लागला, शून्य म्हणजे काही नाही, शून्याजवळ काही नसतं. गावाला ते पटलं. बायकांनी बाईंची पर्स घेतली, घड्याळ घेतलं, फोन रावजींच्या खिशात गेला, चपला कोणीतरी घेऊन गेलं. जेवण आणलं, पण ताट हातात दिलं नाही. एकीने घास भरवले, दुसरीने पदराने तोंड पुसलं. लेकराचं करावं तसं सगळं केलं, फक्त माया नव्हती. रात्री त्या बायका दाराला पाठ लावून बसल्या आणि बाई उभ्याच राहिल्या.

सकाळी मुलं एकवीस भरली.

एकविसावी मुक्ता होती. रात्रीचा फ्रॉक, दोन सैल वेण्या, वाढदिवसाचं कुंकू अजून कपाळावर. ती चटईच्या टोकाला मांडी घालून बसली होती.

"आई," ती म्हणाली, "तू आली नाहीस."

रावजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बंद केला. बाईंची बहीण रडत होती, त्यांनी सांगितलं, पोर अंथरुणात नाही, दाराची कडी मात्र आतून लावलेली आहे.

"एक जास्त झालं," दहा समृद्धी एका सुरात म्हणाल्या. "बाईंनी काहीतरी ठेवून घेतलंय." तशा दारातल्या बायका बाईंकडे चोरटीकडे बघावं तशा बघू लागल्या.

रावजी चौकोनाजवळ आले. "बाई, म्हना, ही माझी न्हाई. म्हंजे बरुबर वीस हुत्याल."

"ही माझी आहे," बाई म्हणाल्या. मुक्ताला उचलावं आणि या सगळ्यांच्या अंगावरून चालत जावं, असं त्यांना वाटलं. पण पाय बाहेर पडला तर अठरा मुलं जातील आणि त्यांच्याबरोबर मुक्ताही जाईल. ती साताऱ्याच्या अंथरुणात परत जाईल की कुठेच जाणार नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असणारं तिथे कोणीच नव्हतं.

खाली वळणावर जीपचा आवाज आला.

रावजी रागावले नाहीत. बोट दिलं की मनगट धरणारा माणूस तो, त्याला रागवायची गरज पडत नाही. त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला, दशकाच्या डावीकडे तिसरा चौकोन आखला आणि विचारलं, "ह्ये कशाचं घर, पोरांनो?"

"शतकाचं," वीस तोंडं म्हणाली. बाईंनी शतक अजून शिकवलं नव्हतं.

"नको," बाई म्हणाल्या. "रावजीदादा, मी म्हणते. म्हणते, ही माझी नाही."

"आता कशाला?" रावजी म्हणाले. त्यांनी मुक्ताला काखेत धरून उचललं आणि तिसऱ्या चौकोनात ठेवलं.

भिंतीला टेकून, खिडक्यांत, व्हरांड्यात, पार पाण्याच्या टाकीपर्यंत मुक्ता उभ्या होत्या. सगळ्यांच्या वेण्या सैल, सगळ्यांच्या कपाळावर कुंकू. गावकऱ्यांना उभं राहायला जागा उरली नाही, ते बांधावर चढून आनंदाने बघत होते. जीप फाटकाशी थांबली.

"आई, घरी चल," शंभर मुक्ता म्हणाल्या आणि प्रत्येकीने हात पुढे केला.

सगळ्यात जवळचा हात रेघेपासून वीतभर लांब होता.