अनुभव: दूध तपासणी

अध्यक्षसाहेब, तुम्ही धादांत खोटं बोललात. चार माणसांदेखत, खुर्चीत रेलून म्हणालात, "रजिस्टरला नाव सर्जेरावांचं हाय. तुमी तर नुसता चहा करायच्या."

चहा करत होते. नाकारत नाही. पण तो दूध तपासून झाल्यावर.

शेळगावच्या अलीकडं आमच्या वस्तीवर तुमच्या दूध संस्थेची डेअरी होती. सर्जेराव, म्हणजे माझे सासरे आबा, तिथले सेक्रेटरी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, तुम्हालाही. लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात पाणी जितकं जास्त तितकी खोल बुडणारी काचेची नळी, दुधात सोडला की ते विचारायचे, "सूनबाई, कुठवर आला?" मी आकडा सांगायची. पुढं पुढं विचारायचंही राहिलं. फॅटचं मशीन माझ्या हातात, पावत्या माझ्या हातच्या. आबा दाराशी बसून किटलीच्या आवाजावरून माणूस ओळखायचे.

काय सकाळी होत्या त्या! उदबत्तीचा आणि ताज्या दुधाचा वास एकात एक मिसळलेला. सायकलींची रांग. खालच्या वस्तीवरची द्वारकाबाई, जिच्या सासऱ्यानं मेंढरं विकून म्हशी घेतल्या, ती रोज भांडायची.

"द्वारकाबाई, डिग्री कमी हाय."

"अगं, माझी म्हसच पाणी लई पिती! मी काय करू?"

"मग तिला सांगा, आतल्या आत मिसळू नगं."

आबा खोकला येईपर्यंत हसायचे. आता डेअरी बंद, आबा गेले, आणि पहाटे जाग आली की मला कुठं जायचं तेच कळत नाही.

म्हणून बारामतीच्या एका दूध प्लँटच्या लॅबमध्ये अर्ज करायचं ठरवलं. रेझ्युमे लागतो म्हणाले. माझ्या नावानं आजवर एकच बायोडाटा निघाला होता, लग्नाचा. त्यात मामाचं कूळ होतं, उंची होती, 'घरकामात निपुण' होतं. ह्या खेपेला मी लिहिलं, 'सासऱ्यांना डेअरीच्या कामात हातभार लावला.'

बारामतीला कॉलेजात असलेल्या माझ्या लेकीनं, श्रेयानं, कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"आई, ह्यानं नोकरी मिळत न्हाय. हळदीकुंकवाचं वाण मिळतंय."

"मग काय लिहू?"

"तुझ्यामुळं काय बदललं ते लिही. तू नसतीस तर काय झालं नसतं?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. रात्रीच्या भाकरी तव्यावर असताना एकेक आठवायला लागलं.

उन्हाळ्यात आमचं दूध प्लँटवर पोचेपर्यंत नासायचं. गाडी आधी आमचं कोमट दूध भरायची आणि मग उन्हात गावोगाव हिंडायची. पुढच्या गावांत कूलर होते. ड्रायव्हर हिंदुराव म्हणजे आडमुठा माणूस. त्याला म्हटलं, "भाऊ, गार दूध आधी भरा, आमचं शेवटी." तो म्हणाला, "आता बायका रस्ता दावणार!" म्हटलं, "नासकं दूध तुमीच परत आणताय, वास फकस्त बायकांनाच येतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी गाडी उलटी फिरली. त्या उन्हाळ्यात आमचा एकही कॅन नासून परत आला नाही.

श्रेयानं ते टाइप केलं. "अजून?"

अजून एक होतं. तुम्हाला चांगलं आठवत असेल. तुमच्या घरची किटली तुमचा गडी घेऊन आला. लॅक्टोमीटर पार तळाला टेकला. गडी माझ्याकडं बघत होता, मी आबांकडं.

"आबा, किटली अध्यक्षांची हाय."

"किटली कुणाची ते न्हाय विचारलं. आत काय हाय?"

"पाणी."

"मग परत दे."

मी परत दिली. द्वारकाबाई म्हणाली, "चला, अध्यक्षांची म्हसपण पाणी पिती!" रांगेला हसू फुटलं, पण त्यानंतर वस्तीवर दुधात पाणी घालायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या केंद्राची फॅट चढली, तुमच्याच वार्षिक सभेत तिला टाळ्या पडल्या. हार आबांच्या गळ्यात पडला. घरी येऊन त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला, एवढंच.

हेही रेझ्युमेत आहे. तुमचं नाव घातलेलं नाही. 'भेसळीचं दूध, कुणाचंही असो, परत केलं,' इतकंच.

प्लँटच्या बाईंनी तो वाचून सांगितलं, "काम पक्कं समजा, फक्त संस्थेचं अनुभवाचं पत्र आणा." ते मागायला मी तुमच्याकडं आले आणि तुम्ही मला चहावाली केलंत.

पगार मी कधी मागितला नाही. सुनेचं काम घरातच मुरायचं, ही रीत मीही मानली. पण आबा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. म्हणून तर ते गेल्यावर तुमचं तोंड उघडलं.

बाई सोमवारपर्यंत थांबणार आहेत. तोंडी नको, संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी लिहून द्या: नजर गेलेल्या माणसाच्या डेअरीत इतकी वर्षं दूध कोण तपासत होतं?