शेवटचे कडवे

पणजोबा वाद्यांना तारा चढवीत, आजी त्या तारांच्या साथीने गाई, आई ते गाणे टेपवर धरी. लेकीच्या वाट्याला आला तो आवाज दाबण्याचा धंदा. हलका धंदा नव्हे. कॉम्प्रेसर नावाचे यंत्र चढ्या सुराला खाली बसवते; मग सारेच उचलून घेतले की तळाशी राहिलेले बारीकसारीकही कानाशी येते. ज्या घरात थोरल्यांपुढे धाकट्यांनी तोंड उघडायचे नाही, त्या घराला असले यंत्र मानवणारे नव्हतेच.

आजीची ती एकच टेप उरली होती आणि लोकांना ऐकवण्यासाठी संध्याकाळपर्यंत स्वच्छ करून द्यायची होती. आई मागे खुर्चीत बसली होती. लेकीने आजीचा सूर जरा दाबला. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

"खुर्ची करकरली असेल," आई म्हणाली. "पुसून टाक."

"खुर्ची श्वास घेते होय गं?"

लेकीने आणखी दाबले. श्वासामागून शब्द वर आले, कोवळे, अदबीचे: "ताई, आता मी?"

आईचा चेहरा उतरला. "माझी मावशी. दाराशी बसायची. शेवटचं कडवं तुझं, असं आईनं तिला कबूल केलं होतं. पण तिसरं संपलं नि आईनं मला खूण केली. मी टेप थांबवली."

"मग मावशीआजी?"

"जाईपर्यंत गायली नाही." आई सावरून बसली. "लोक आईला ऐकायला येणार, दाराआडच्या कुजबुजीला नव्हे. पूस म्हणते ना."

पुसण्यासाठी लेकीने टेप पहिल्यापासून लावली. या खेपेला प्रश्न पहिल्या कडव्याच्याही आधी आला. दुसऱ्याआधी पुन्हा. तिसऱ्याआधी तर तो इतका मोठा झाला, की आजीचा श्वासही ऐकू येईना.

आजीचे गाणे संपले. टेप संपली, तिचे मोकळे टोक रिळावर फटफट आपटू लागले. तरी यंत्राचा काटा खाली झुकला, जणू कुणीतरी पट्टीत सूर लावला होता.

लेकीचा हात बटणाकडे गेला. आईने मनगट धरले.

"राहू दे. एकदा थांबवली तेवढी पुरे."

लेकीने दाब काढून घेतला. दाराच्या बाजूने शेवटचे कडवे आले, चारही ओळी, एकही उणी नाही. मग काटा शून्यावर येऊन उभा राहिला.