मावशीचा एक चेंडू

“शी! हे घालून मी खेळू? उंदराच्या पिंजऱ्यात डोकं घातल्यासारखं वाटतं!” भिंगरीने जाळीचा मास्क बाकावर आपटला.

“आपट, आपट. शाळेचाच आहे, तुझ्या बापाचा थोडाच आहे!” मावशीने तो उचलला आणि फडक्याने पुसायला घेतला.

शाळेच्या खेळाच्या खोलीत बॅटी, हातमोजे, चुन्याची पोती आणि मावशी एवढंच काय ते कायमचं. मुली यायच्या, खेळायच्या, मोठ्या होऊन निघून जायच्या. भिंगरी ही यंदाची सॉफ्टबॉलची पिचर. तिचा हात खांद्यातून असा गरकन फिरायचा की चेंडू सुटला कधी, हे बॅटवालीला कळायचंच नाही. म्हणून ते नाव. सामना अर्ध्या तासावर आला होता आणि या बाईसाहेब मास्कवरून अडून बसल्या होत्या.

“सर म्हणाले, सक्ती नाही.”

“सरांचं काय जातंय? ते कुंपणापलीकडे उभे!”

“आणि त्यातून मला ढब्बूची बोटंच दिसत नाहीत. ती कुठला चेंडू मागतेय ते कळणार कसं?”

ढब्बू म्हणजे कॅचर, बॅटवालीच्या मागे बसून बोटांनी खुणा करणारी आणि चेंडू झेलणारी. डोक्यापासून नडगीपर्यंत चिलखत चढवून ती दारात केळं खात उभी होती. “मला विचारलं का कुणी, तुला आवडतं का म्हणून?” ती तोंडातल्या घासासकट म्हणाली.

मावशीचं फडकं थांबलं. आपल्या गेलेल्या डाव्या डोळ्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकीला तिने बावीस वर्षं ‘लहानपणी पडले’ असं सांगून वाटेला लावलं होतं. आज मात्र तोंडून निघूनच गेलं.

“मीपण पिचर होते गं.”

दोघी फिस्सकन हसल्या. मावशी? पेल्यात पाणी ओतताना आधी बोटाने कड चाचपणारी, पायरी पायाने शोधत उतरणारी मावशी?

“हसा. चेंडू सुटला ना, की पिचर वाकलेली असते. हातमोजा गुडघ्याशी, तोंड पुढे. बॅट बारा-तेरा पावलांवर. तिथून चेंडू उलटा आला, तर पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. मला नाही मिळाला.” मग एकदम ताठ होऊन म्हणाली, “पण मी टाकलेला चेंडू झकास होता, बरं का! चूक माझी नव्हती.”

भिंगरी हट्टी खरी, पण दगड नव्हती. तिने हळूच म्हटलं, “मग बोटं दिसतात का, तूच घालून बघ ना.”

तिघी खोलीमागच्या मोकळ्या जागेत गेल्या. मावशीने मास्क चढवला. ढब्बू समोर उकिडवी बसली आणि मांड्यांमध्ये बोटं धरली.

“दोन!” मावशी ओरडली. “आता चार! अगं, मला एका डोळ्याने दिसतात आणि तुझे दोन काय शोभेला आहेत?”

भिंगरीला हसू फुटलं. मावशी मात्र हसत नव्हती. तिच्या हातात चेंडू होता.

“टाकू एक?”

कुणी हो म्हणायच्या आत हात गर्रकन फिरलासुद्धा. थाड! चेंडू ढब्बूच्या हातमोज्यात बसला.

“बॅटच्या टप्प्याबाहेरून गेला,” ढब्बू प्रामाणिकपणे म्हणाली. मग तळहात चोळत, “पण कसला आला, आई गं!”

मावशीला अजून एक टाकायचा होता. एक कसला, शंभर. पण मैदानावर शिट्टी वाजली आणि भिंगरीने हात पुढे केला. मास्कचा पट्टा सोडायला मावशीने जरा जास्तच वेळ लावला.

“घामेजलाय गं. थांब, पुसून देते.”

“राहू दे,” म्हणत भिंगरीने तो तसाच चढवला आणि धूम ठोकली.

संध्याकाळी घरी मावशीचा उजवा खांदा ठणकू लागला. वहिनीने पाहिलं.

“काय उचललंत एवढं, वन्सं? आणा, मलम चोळून देते.”

“नको गं.”

ती खिडकीशी खांदा धरून बसली. ही कळ तिच्या ओळखीची होती. कधीकाळी सरावानंतर रोज यायची. इतक्या वर्षांनी आली होती. एवढ्यात जाऊ नये, असं तिला वाटत होतं.