चुकीच्या चौकातला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. घडी घालून खिशात ठेवायचा कागदी नकाशा नव्हे. दोन लोखंडी खांबांवर बोल्टने आवळलेला, माणसाएवढा उंच, पत्र्याचा नकाशा. या शहरात फुकट बसावे, बघावे, वाचावे, पाय मोकळे करावेत अशा जागा माझ्यावर रंगवलेल्या आहेत. खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आहे आणि त्याच्याशेजारी लिहिले आहे, 'आपण येथे आहात'. ते खोटे आहे. पण ते नंतर. आधी माझे चांगले दिवस सांगू द्या, थोडेच होते.

मला पेंटरकाकांनी रंगवले. नगरपालिकेने त्यांच्या हातात एक छापील यादी दिली आणि आठ दिवसांत काम उरकायला सांगितले. काकांचा हेका असा, की ज्या जागी मी स्वतः जाऊन बसलो नाही, ती मी काढणार नाही. आठ दिवसांचे अकरा महिने झाले.

नगरपालिकेचे साहेब वैतागून म्हणाले, "अहो, बागा रंगवायच्यात की बांधायच्यात?"

"यादीतल्या चार बागांत बसायला धड जागाच नाही साहेब," काका म्हणाले. "लोकांना काय उभं राहायला पाठवू?"

त्या चार बागा त्यांनी सरळ गाळल्या आणि यादीत नसलेल्या कितीतरी जागा घातल्या. तळ्याकाठच्या रुंद पायऱ्या. जुन्या वाचनालयाचा व्हरांडा, जिथे वर्तमानपत्र वाचायला बसलात तर कोणी हटकत नाही. पावाच्या भट्टीमागची गल्ली, कारण सकाळी तिथून नुसते चालत गेले तरी वासाने बरे वाटते. मालगाडीचे डबे मोजता येतील असा पूल. अशा सत्तावीस जागा झाल्या. सगळ्यात वरती टेकडी, जिथून सगळे शहर एका नजरेत दिसते. काका तिथे तीनदा जाऊन बसले होते. एकदा बसून पुरे होत नाही, असे म्हणायचे.

मला मोठ्या चौकात, बसथांब्याशेजारी उभे केले. बसची वाट बघणारी माणसे कंटाळून माझ्याकडे बघू लागत आणि मग बस गेली तरी बघत राहत. "आयुष्य गेलं इथे आणि हे माहीतच नव्हतं!" हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, सांगता येणार नाही. खरे सांगतो, मला चांगलाच माज चढला होता. शहर जणू मीच बांधले होते, असा माझा तोरा.

अशाच एका रविवारी ती दोघे आली. बाई शाळेचे गणवेश शिवायच्या आणि त्यांचे यजमान त्याच खोलीत इस्त्री करायचे. चौतीस वर्षे दुकानाच्या एका खोलीत एकाने शिवायचे, दुसऱ्याने इस्त्री करायची. घरही मागच्याच गल्लीत, त्यामुळे शहर म्हणजे त्यांना दुकानाची पायरी, कापडाचे गोदाम आणि दवाखाना एवढेच माहीत. बाईंनी माझ्या अगदी जवळ येऊन, मान इकडून तिकडे फिरवत मला वाचले. त्यांना समोरचे दिसायचे, पण बाजूचे काही दिसत नसे.

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?" त्या म्हणाल्या. "कडेकडेने मिटत येणार. वर्ष मिळालं तर नशीब. म्हणजे एवढ्यात हे सगळं बघून घ्यायचं."

"सगळं?" इस्त्रीवाले म्हणाले. "अगं, सत्तावीस आहेत."

"आणि रविवार बावन्न आहेत. तुम्हाला काय धावायला सांगितलंय?"

त्या दिवसापासून दर रविवारी ती दोघे यायची. बाई एका जागेवर बोट ठेवायच्या. इस्त्रीवाले लाल ठिपक्यापासून तिथपर्यंतची वळणे कपड्यांच्या चिठ्ठीमागे लिहून घ्यायचे आणि निघायचे. संध्याकाळी परतीच्या बससाठी पुन्हा माझ्याजवळ उभी राहायची, तेव्हा बाईंचे तोंड बंद होत नसे. पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसलो. व्हरांड्यात एका आजोबांनी कोडे सोडवायला घेतले. पुलावरून डबे मोजले. यांचे अठ्ठावन्न झाले, माझे साठ. "तुमचे दोन कुठे पडले?" म्हणून त्या हसत. एवढे साधे सुख, पण त्या दुकानातून कधी उठल्याच नव्हत्या.

टेकडी मात्र त्यांनी शेवटी ठेवली होती. इस्त्रीवाले म्हणाले होते, "आधी टेकडी करू. चढ आहे, जमतंय तोवर उरकू."

"उरकायचं काय त्यात? आधी खालचं सगळं बघते. मग वरून बघितलं की ओळखू येईल, हे तळं, हा पूल, हे आपलं दुकान. नाहीतर नुसती छपरंच दिसायची."

मलाही ते पटले होते, मित्रांनो. म्हणून मला आता जास्त लागते.

त्याच सुमारास मोठ्या चौकातला रस्ता रुंद करायला घेतला. चौकाभोवती पत्रे ठोकले, बसथांबा तीन थांबे पुढे दुसऱ्या एका चौकात हलवला आणि मला उपटून गोदामात टाकले. महिनाभर मी बादल्या आणि मोडक्या पाट्यांखाली पालथा पडून होतो. मग कोणाला तरी आठवण झाली आणि मला त्या नव्या थांब्याशेजारी नेऊन रोवले. बोल्ट आवळणाऱ्या कामगाराने मला नीट वाचले. त्याने मुकादमांना विचारले, "हा नकाशा मोठ्या चौकातला आहे ना? ठिपका बदलायला नको?"

मुकादमांची जेवायची वेळ झाली होती. "आपल्याकडे बोल्टचं काम आहे, रंगाचं नाही. रंगवाले येतील."

रंगवाले आले नाहीत. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पेंटरकाका असते तर धावत आले असते, पण ते आदल्या वर्षीच गेले होते.

पुढच्याच रविवारी ती दोघे नव्या थांब्यावर उतरली. मला उपटण्याआधीच सव्विसाव्या जागेपर्यंत त्यांनी बघून घेतले होते. बाई आता इस्त्रीवाल्यांचा दंड धरून चालत होत्या. बांगडीएवढ्या गोलातून दिसते तेवढेच राहिले होते आणि तेही उजेड चांगला असेल तर.

"अगं बाई, यालाही इथे आणला होय!" मला बघून त्यांना किती आनंद झाला! मी आतून ओरडत होतो. ठिपका बघू नका, मी हललो आहे, मला वळणे ठाऊक नाहीत. पत्र्याला आवाज नसतो. इस्त्रीवाल्यांनी ठिपक्यावर बोट ठेवले, चिठ्ठी काढली आणि लिहून घेतले: डावीकडे, दोन गल्ल्या सोडून सरळ, मग पायऱ्या. दुपारचे चार वाजले होते आणि ऊन छान होते.

ती दोघे परत आली तेव्हा दिवे लागले होते. बाई बाकावर बसल्या. इस्त्रीवाले उभेच होते.

"वाटेतल्या त्या माणसाने सांगितलं होतं, इकडे कुठलीच टेकडी नाही म्हणून," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस, त्याचं ऐकू या. मीच हट्टाला पेटलो. म्हटलं, हा नकाशा आजवर कधी चुकला नाही. तुला त्या कारखान्याच्या भिंतीकडेने तासभर फिरवलं."

"असू दे हो. पुढच्या रविवारी जाऊ."

पुढच्या रविवारी ती दोघे आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आली ती पाचव्या रविवारी, आणि बाईंनी मान फिरवून मला वाचले नाही. त्यांनी यजमानांचा खांदा धरला होता आणि नजर कशावरच ठरत नव्हती. इस्त्रीवाल्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही. बसच्या कंडक्टरला विचारून त्यांनी टेकडीची वाट पक्की केली आणि दोघे गेली.

संध्याकाळी परतल्यावर बाई म्हणाल्या, "वारा काय सुंदर होता ना?"

इस्त्रीवाल्यांनी त्यांना बाकावर बसवले.

"आणि तुम्ही सगळं सांगितलंत की मला. तळं सांगितलंत, पूल सांगितलात. आपलं दुकान तेवढं सापडलं नाही."

"सापडलं होतं," ते म्हणाले. "मला सांगवेना." आणि मग भर थांब्यावर, माणसांसमोर, ते रडायला लागले. "मला डावं-उजवं कळत नाही गं. साधं लिहून घेतलेलं नीट वाचता आलं नाही मला. तो एक रविवार होता तुझ्याकडे, तो मी घालवला."

बाईंनी चाचपडत त्यांचा हात शोधला. "चुकतं माणसाचं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्यांचे चुकले नव्हते. त्यांनी जसे लिहिले होते तसेच ते चालले होते. डावीकडे म्हणजे डावीकडेच गेले होते. चुकलो मी. पण मला हे त्यांना सांगता येत नाही, आणि ते गृहस्थ जन्मभर स्वतःलाच दोष देत राहणार. त्यानंतर ती दोघे कधी आली नाहीत. माझ्या कडांना गंज चढला, वाचनालयावर कोणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली, तळ्यावर मोबाईल दुरुस्तीची. त्याचे मला काही वाटत नाही. उलट वाटते, एक मोठी जाहिरात त्या ठिपक्यावर का चिकटवत नाहीत? पण तो कोपरा खाली आहे, जाहिरात चिकटवायला तिथवर कोणी वाकत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. शहरातली एखादी वस्तू हलवलीत, तर ती नव्या जागी काय सांगते ते एकदा वाचा. आणि तुम्हाला बघायची असलेली जागा शेवटी ठेवू नका. लवकर जा, वाटेत माणसांना विचारा, त्यांचे ऐका. माझे ऐकू नका. तुमच्यापैकी कोणाकडे रंगाचा डबा असेल, कुठलाही रंग चालेल, तर या आणि तो लाल ठिपका पुसून टाका. मला नवा करू नका, मला कौतुक नको आहे. मला फक्त गप्प करा.

जमले तर आजच या. आत्ता माझ्यासमोर एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन उभी आहे. तिने ठिपक्यावर बोट ठेवले आहे आणि ती त्यांना म्हणते आहे, "बाबा, सोपं आहे. इथून डावीकडे."